उंडीचं तेल आणि बाजारातली पुडी

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की रायगडच्या किनाऱ्यावर दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. एक भातशेतीची लगबग आणि दुसरी गुडघ्यांची कुरकुर. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही घराच्या ओटीवर टेका. चहा येण्याआधी कुणाची तरी कंबर नाहीतर कुणाचा तरी खांदा बोलण्यात येतोच. हवेतला ओलावा सांध्यांत शिरतो, असं जुनी माणसं सांगतात. शास्त्रज्ञांचं त्यावर एकमत नाही. पण खरं सांगायचं तर इथले सांधे दुखायला पावसाची गरजच नाही. पहाटे बंदरावरून मासळी उचलून दिवसभर उकिडवं बसून विकणारी कोळीण, पेण-उरणच्या मिठागरात उभा जन्म खाऱ्या पाण्यात पाय भिजवलेला आगरी, साठीतही पोफळीवर चढणारा वाडीतला गडी... यांची दुखणी कष्टाची आहेत. त्यांच्यावर पहिला उपाय विश्रांती, आणि नेमकी तीच परवडत नाही. मग चोळायला, शेकायला, लेप द्यायला काहीतरी घरातच असावं लागतं.

आणि ते असायचंही. कुंपणाला निर्गुडी, परसात एरंड, फडताळात आंबेहळदीचा आणि रक्तचंदनाचा तुकडा. पाय मुरगळला की सहाणेवर आंबेहळद उगाळायची, कोमट करून लेप द्यायचा आणि पोराला दोन दिवस अंगणात सोडायचं नाही. निर्गुडी तर आमच्याकडे इतकी माजलेली, की तिला औषध म्हणावं असं कुणाला वाटायचंच नाही. पाला तव्यावर गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि सोसेल तितकंच शेकायचं. या आरामात उष्णतेचा वाटा किती आणि पाल्याचा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. शेकून घेणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्यही नसतं!

पण या किनाऱ्याचं खास आपलं असं औषध कुठलं, असं विचाराल तर मी उंडीचं नाव घेईन. संस्कृतातला पुन्नाग तो हाच. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला न जुमानता वाळूत ताठ उभं राहणारं, चकचकीत जाड पानांचं, पांढऱ्या सुवासिक फुलांचं झाड. त्याचं लाकूड होड्यांना चालतं आणि फळातल्या बीचं तेल दिव्याला चालायचं. फळं गोट्यांएवढी, गोल. रात्री वटवाघळं वरचा गर खातात आणि बिया खाली टाकतात. सकाळी त्या वेचायचं काम पोरांचं. कवच फोडून आतला गर उन्हात वाळवायचा. वाळता वाळता तो काळपट, चिकट होतो आणि मग घाण्यावर जातो. वाळलेल्या गरात निम्म्याहून जास्त तेलच असतं. हे तेल हिरवट, दाट आणि वासाला उग्र. खायला मात्र अजिबात चालत नाही. वीज नव्हती तेव्हा संध्याकाळी याचे दिवे लागत आणि रात्री त्याच बाटलीतलं तेल कोमट करून आजोबांच्या गुडघ्यांना चोळलं जाई.

ही समजूत आपल्यापुरतीच नाही, याची मला गंमत वाटते. हजारो मैलांवर पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटांवर हेच झाड 'तमानू' म्हणून ओळखलं जातं आणि तिथेही त्याचं तेल जखमेला आणि दुखऱ्या अंगाला लावतात. आज तेच तेल छोट्या नक्षीदार बाटल्यांतून सौंदर्यप्रसाधन म्हणून महागात विकलं जातं. उंडीतला कॅलोफायलोलाइड हा घटक वेगळा काढून प्राण्यांवर तपासला गेला, तेव्हा त्याने सूज कमी होते असं दिसलं. माणसांवरच्या मोठ्या चाचण्या मात्र फारशा झालेल्या नाहीत. म्हणजे आजोबांच्या गुडघ्यांची साक्ष अगदीच खोटी नव्हती, पण तिच्यावर शिक्कामोर्तबही झालेलं नाही.

माझ्या थोरल्या आत्याच्या वाडीत अशी दोन जुनी उंडीची झाडं होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि अर्ध्या दिवसात पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. नारळ-पोफळींबरोबर तिच्या दोन्ही उंडी गेल्या. पोफळींची नुकसानभरपाई लोकांनी मागितली. उंडीची कोण मागणार? फडताळातली बाटली वर्षभर पुरली. मग ती संपली.

त्यानंतरची गोष्ट सांगावी म्हणूनच खरं तर हा लेख लिहायला घेतला. आठवडा बाजारात एक माणूस कागदाच्या पुड्या विकायला बसू लागला. ना नाव, ना पत्ता. जंगलातली जडीबुटी, शंभर टक्के आयुर्वेदिक, रोज एक पुडी कोमट पाण्याबरोबर! आत्याने घेतल्या. चौथ्या दिवशी ती कठडा न धरता माडीवर गेली. मी फोन केला तेव्हा म्हणाली, "अगं, देवच भेटला गं तो मला." भूक वाढली, झोप उडाली, चेहरा भरला. शेजारणी म्हणाल्या, तब्येत सुधारली हो तुमची! तीन महिन्यांनी मी गेले, तर तिचा चेहरा पुरीसारखा फुगलेला आणि हातांवर जागोजागी काळेनिळे डाग. साखरेचा आजार तिला कधीच नव्हता, आणि तपासली तर तीनशेच्या वर.

अलिबागच्या डॉक्टरांनी पुडी हातात घेऊन पाहिलीसुद्धा नाही. चेहऱ्याकडे बघूनच ते म्हणाले, "यात स्टेरॉइड असणार." आत्या म्हणाली, आजपासून बंद करते. त्यावर ते जे म्हणाले ते प्रत्येक घराने लक्षात ठेवावं असं आहे. स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं नेहमीचं काम थांबवतात. पुडी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांनी मोजून गोळ्या दिल्या आणि कित्येक आठवडे त्या हळूहळू कमी करत आणल्या. सांधेदुखीच्या बेनामी 'देशी' औषधांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळ्यांची पूड सापडल्याच्या नोंदी देशात अनेक ठिकाणच्या आहेत. चार दिवसांत चमत्कार करणारी मुळी मला तरी अजून ठाऊक नाही.

मला याचा राग येतो तो आणखी एका कारणाने. याच जिल्ह्यात, पनवेलला, १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. शास्त्र काय ते इथल्या लोकांनी तेव्हापासून पाहिलेलं आहे. माधवनिदानासारख्या बाराशेहून अधिक वर्षं जुन्या ग्रंथात आमवाताचं वेगळं वर्णन आहे. सांधा सुजलेला, जड, तापलेला असेल तर त्याला तेल चोळायचं नाही, गरम वाळूच्या पुरचुंडीने कोरडा शेक द्यायचा, असं वैद्य सांगतात. झिजलेल्या, कटकट वाजणाऱ्या गुडघ्याला मात्र तेल. दुखणं पाहून उपचार बदलतो. पुडीवाला सगळ्यांना एकच पुडी देतो.

आता, झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हा समजही तितकाच घातक आहे. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं डोलतात ती कळलावी. तिलाच कोकणात 'गौरीचे हात' म्हणतात. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. अंगठ्याचा सांधा लालभडक करणाऱ्या गाउटवर डॉक्टर हेच औषध देतात, पण अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून. कंद खाऊन झालेल्या मृत्यूंच्या नोंदी श्रीलंकेतल्या वैद्यकीय लेखांत सापडतात. बिब्ब्याचंही तसंच. दुखऱ्या जागी बिब्बा घालण्याची पद्धत जुनी, पण तो उतला की अंगावर फोड उठतात आणि दुखणं परवडलं असं होतं. कायद्याने या दोन्ही वनस्पती विषारी द्रव्यांच्या यादीत, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या 'ई-१' परिशिष्टात घातल्या आहेत. त्या असलेल्या पोटात घ्यायच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. कुठलंही आयुर्वेदिक औषध घेताना ती सूचना, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक पाहायला चष्मा लावावा लागला तरी लावावा.

आणि काही दुखणी शेकत बसण्याची नसतात. एकच सांधा अचानक लाल होऊन सोबत ताप आला, सकाळी बोटं तासभर वळत नाहीत असं आठवडे चाललं, पायाला मुंग्या येऊन लघवीवरचा ताबा सुटला, तर थेट दवाखाना गाठावा.

आत्याची साखर आता आटोक्यात आहे. गुडघे दुखतातच. डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले आहेत. ते ती कुरकुरत का होईना, करते. संध्याकाळी निर्गुडीचा शेक असतो. उंडीचं तेल मी मुरूडच्या एका घरातून मागून आणलं. ते आधी मनगटावर थोडं लावून, रात्रभर खाज येते का पाहून मगच गुडघ्याला लावलं. उंडीची बी अख्खी पेरली तर उगवायला दोन-दोन महिने घेते. कवच फोडून पेरली तर बरीच लवकर येते. गेल्या पावसात वाडीच्या समुद्राकडच्या बाजूला आम्ही अशा बारा बिया लावल्या. सात रुजल्या, त्यांतली दोन रोपं शेजारच्या बकरीने खाल्ली.