फटीतून येणारं पाणी

जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत एसीच्या ड्रेन पाइपखाली बादली ठेवून पाहा. सकाळपर्यंत तिच्यात बरंच पाणी साठलेलं असतं. ते खोलीतल्या हवेतून आलेलं असतं; थोडं माणसांच्या श्वासातून आणि घामातून, आणि फटी मोठ्या असतील तर पुष्कळसं बाहेरून. वीजबिलातला चांगला मोठा वाटा या पाण्याचा असतो.

हिशेब मांडू. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे 34 घनमीटर हवा मावते. पावसाळ्यात बाहेर 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असली, तर एक घनमीटर हवेत साधारण 24 ग्रॅम वाफ असते. आत 25 अंश आणि 50 टक्के हवं असेल, तर ती साडेअकरा ग्रॅमवर यायला हवी. फटींतून तासाभरात खोलीतली हवा एकदा जरी बदलली, तरी एसीला त्या तासात 430 ग्रॅमच्या आसपास वाफेचं पाणी करून बाहेर सोडावं लागतं. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, आणि ती प्रचंड असते. तेवढंच पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सात-आठ पट. ही सगळी एसीनेच बाहेर फेकायची. तीच हवा 30 वरून 25 अंशांवर आणण्याचं काम याच्या जेमतेम पाचवा हिस्सा भरतं. म्हणून किनारपट्टीवर फटी बुजवणं म्हणजे मुख्यतः दमटपणा अडवणं. विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात गणित वेगळं असतं. तिथे झळ अडवायची असते.

इमारतीतली हवेची गळती मोजायचं शास्त्र वाढलं थंड देशांत. 1973 च्या तेलसंकटानंतर कॅनडातल्या रिजायना शहरात 1977 साली एक प्रायोगिक घर उभं राहिलं. हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या जाड भिंतींत प्लास्टिकचा सलग पडदा घातला, त्याचे सांधे काळजीपूर्वक बंद केले आणि ताज्या हवेसाठी वेगळं यंत्र बसवलं. पुढे 1991 मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटला वोल्फगांग फाइस्ट यांचं पहिलं ‘पासिव्हहाऊस’, म्हणजे अत्यल्प ऊर्जेवर चालणारं घर, तयार झालं. या पद्धतीच्या घरांची परीक्षा ब्लोअर डोअरने होते. मुख्य दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात पंखा बसवतात आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा 50 पास्कलने कमी करतात. हा फरक दिसायला क्षुल्लक, पाण्याच्या पाच मिलिमीटर उंचीएवढा. तो टिकवायला पंख्याला जेवढी हवा ओढावी लागते, तेवढी फटींतून आत येत असते. नव्या पासिव्हहाऊसमध्ये ती तासाला घराच्या घनफळाच्या 0.6 पटीपेक्षा जास्त चालत नाही; जुनं घर सुधारताना 1 पटीपर्यंत सूट मिळते.

घरच्या घरी आकडा मिळणार नाही, पण जागा नक्की सापडतात. खोलीला जोडलेल्या बाथरूमचा एक्झॉस्ट चालू करा आणि त्या बाथरूमचं दार उघडं ठेवा. खोलीची दारं-खिडक्या बंद करा, छताचा पंखा आणि एसीही. मग पेटती उदबत्ती पडदे बाजूला सारून चौकटींच्या कडेने सावकाश फिरवा. धूर सरळ वर जात असताना एकदम खोलीच्या आत वळला, की तिथे फट आहे. स्लायडिंग खिडकीच्या दोन पल्ल्यांमधल्या सांध्यापाशी तो हमखास वळतो, कारण तिथली लोकरी पट्टी काही वर्षांत झिजते. एसीच्या तांब्याच्या नळ्यांसाठी भिंतीला पाडलेलं भोक इनडोअर युनिटच्या मागे लपतं. अनेकदा त्यात नुसता कागद कोंबलेला असतो. दाराखाली एक सेंटिमीटर फट असेल, तर 90 सेंटिमीटर रुंदीच्या दाराला ती जवळपास तळहाताएवढं भोक ठरते.

पट्टी बदलणं, भोक फोमने किंवा सिलिकॉनने भरणं, दाराला ब्रशपट्टी लावणं ही कामं एका दिवसाची आहेत. माझ्या मते पाच स्टारचा नवा एसी घेण्याआधी हीच करावीत. मात्र खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने असलेली बारीक भोकं बुजवू नका. ती पावसाचं पाणी निघून जायला ठेवलेली असतात. खिडक्या बदलायच्याच असतील तर बिजागरीवर उघडणाऱ्या, सभोवार रबरी गॅस्केट असलेल्या घ्या. त्या दाबून बंद होतात. सरकत्या खिडकीला सरकण्यापुरती ढिलाई ठेवावीच लागते.

एक कॅनडियन धडा मात्र कोकणात जसाच्या तसा गिरवू नये. तिकडे वाफ उबदार घरातून थंड भिंतीत शिरते, म्हणून प्लास्टिकचा पडदा आतल्या बाजूला लावतात. आपल्याकडे दमट हवा बाहेरून गार खोलीकडे येते. पावसाळ्यात एसी चालू असलेल्या खोलीची काच बाहेरून धुरकटते, ती यामुळेच. आतून विनाइलचा वॉलपेपर चिकटवला, की वाफ भिंत ओलांडून त्याच्या पाठीशी अडकते आणि तिथे काळी बुरशी धरते. ओल बाहेरच थोपवायची, आतली बाजू श्वास घेणारी ठेवायची.

आता ताज्या हवेचं. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच फिरवत राहतो. पूर्ण बंद अशा दहा बाय बाराच्या खोलीत दोन माणसं झोपली, तर तीनेक तासांत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या सुमारे 420 पीपीएमवरून 2000 च्या पुढे जातो. सकाळी डोकं जड वाटतं. तरीही ही गरज फटींवर सोपवता येत नाही. वादळी रात्री त्या नको तेवढी हवा आत घेतात आणि वारा पडला की जवळजवळ काहीच नाही. उत्तम उपाय ईआरव्ही यंत्राचा. त्यात बाहेर जाणारी गार, कोरडी हवा आत येणाऱ्या हवेची उष्णता आणि बरीचशी वाफ स्वतःकडे घेते. ते परवडत नसेल, तर बेडरूमचं दार हॉलकडे किलकिलं ठेवावं, म्हणजे श्वासाला मोठी जागा मिळते. बिल थोडं वाढेल, ते वाढू द्यावं.

गॅस गिझर असलेल्या बाथरूमला यातलं काहीही लागू नाही. तिथली जाळी कोणत्याही कारणाने बंद करू नये, कारण अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो. तसा गिझर घरात कुठेही असेल, तर उदबत्तीची चाचणीही तो बंद ठेवूनच करायची.