हिवाळ्यांतील कामाची पडवी

पौष-माघांतील थंडी गव्हा-हरभऱ्यास मानवते, म्हणून शेतकरी तिला दोष देत नाहीं. परंतु त्याच थंडीनें हात आखडले म्हणजे घरचें काम मागें पडतें. मोहाडीकडे धानाची चुरणी उरकली कीं उन्हाळी धानाची तयारी सुरू होते. मधल्या दिवसांत नांगर-वखराची दुरुस्ती, दोर वळणें, पंप साफ करणें, ट्रॅक्टरचे नटबोल्ट आवळणें हीं कामें पडवींत किंवा अवजारांच्या खोलींत चालतात. आंधळगांवचे कोशाचे विणकरही या दिवसांत मागावर बसलेले असतात. आपल्या भागांत थंडी ती कसली, असें कोणी म्हणेल. त्यानें इतकें ध्यानांत घ्यावें, कीं २९ डिसेंबर २०१८ रोजीं जवळच्या नागपुरास पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता.

प्रथम वाऱ्याचा विचार करावा. कौलारू छपराखालील खोली विस्तवानें तापवूं गेल्यास तापलेली हवा हलकी होऊन कौलांच्या फटींतून निघून जाते आणि दाराखालून गार हवा आंत शिरते. सरपण जळतें, पण पाय थंडच राहतात. म्हणून खोली तापविण्यापेक्षां माणसास ऊब देणें स्वस्त पडतें. उत्तरेकडील बाजूस तट्ट्या किंवा गोणपाट बांधावें. पायाखालीं फळी व तिच्यावर जुनें पोतें घालावें. लोखंड हातांतील उष्णता झपाट्यानें ओढून घेतें. यास्तव पाने व हातोडे कामापूर्वीं घटकाभर उन्हांत ठेवावे.

दुसरें साधन सूर्याचें, आणि त्यास दाम पडत नाहीं. आपलें अक्षांश सुमारें २१ अंश असल्यामुळें डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीं सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारें ४५ अंशांवर असतो. त्यामुळें दक्षिणेचें दार जितकें उंच, तितकेंच ऊन आंत येतें. चार हातांच्या दारांतून चार हात. उलट मे महिन्याच्या अखेरीस सूर्य डोक्यावर येतो व त्या दारानें ऊन आंत शिरत नाहीं. नवी पडवी बांधणाऱ्यानें तिचें तोंड दक्षिणेस ठेवावें.

इतकें करूनही विस्तव लागलाच, तर धानाच्या भुशाची शेगडी बरी. धानाच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा भुसा निघतो. पत्र्याच्या डब्यास बुडाशीं एका बाजूनें भोंक पाडावें, त्यांतून एक व मधोमध उभा एक असे दोन दांडके ठेवून भुसा ठासून भरावा, मग दांडके हलकेच काढून खालून पेटवावें. असा डबा बराच वेळ आपोआप धुमसत राहतो. मात्र त्यास धूर फार. म्हणून तो दोन बाजूंनीं उघड्या अशा पडवींतच ठेवावा.

आतां मुख्य गोष्ट. महसुली नोकरींत असतां जळालेल्या गंजींचे व घरांचे पंचनामे आम्ही बरेच लिहिले. त्यांत राहिलेल्या विस्तवाचा उल्लेख वारंवार येई. तणस, धानाचीं पोतीं व पेट्रोल जेथें असेल तेथें विस्तव नेऊंच नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती जमिनीलगत पसरते व दूरच्या निखाऱ्यासही जाऊन भिडते.

गंजी पुन्हा उभी राहते. माणसाचें तसें नाहीं. बंद खोलींत कोळसा जळतांना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आणि धूर नसलेला लाल निखारा निर्धोक वाटतो, हाच त्यांतील दगा. रक्तांतील जो घटक प्राणवायु वाहून नेतो, त्यास हा वायु प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक जोरानें चिकटतो. डोकें दुखणें, मळमळ, भोंवळ, हातपाय गळणें हीं त्याचीं लक्षणें होत. निजलेल्यास तीं कळतही नाहींत. असा माणूस आढळल्यास दारें उघडून त्यास तत्काळ मोकळ्या हवेंत आणावें व विलंब न लावितां दवाखान्यांत न्यावें. दार लावून ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल सुरू ठेवल्यासही हाच वायु सांचतो.

विजेच्या हीटरास हें भय नाहीं. १००० वॅटचा हीटर तासास एक युनिट घेतो. २००० वॅटच्या हीटरास सुमारें ९ अँपिअर प्रवाह लागतो. तो दिव्यापंख्याच्या साध्या प्लगावर लावूं नये, १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग बसवून घ्यावा.

राखणीस जो गडी अवजारांच्या खोलींत निजतो, तो थंडीनें काकडून शेगडी आंत ओढतो व दार लावून घेतो. त्यास नुसती ताकीद देऊन भागत नाहीं. दिवाळीनंतर एक चांगलें घोंगडें व तणसाची जाड गादी त्यास द्यावी, आणि रात्रीं शेगडी बाहेर विझलेली मालकानें स्वतः पाहूनच निजावें.