चर्चमधील युद्धस्मारके
युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ चर्चमध्ये बसविलेले नामफलक, ध्वज इत्यादी. मुंबईत कुलाबा येथील अफगाण चर्च (१८५८) हे सिंधमधील मोहिमा व पहिले अफगाण युद्ध (१८३८–४२) यांतील मृतांचे स्मारक होय. त्यात अधिकाऱ्यांची नावे कोरलेली असून सामान्य सैनिकांची मात्र संख्याधिक्यामुळे वगळलेली आहेत. १९४७ नंतर ब्रिटिश पलटणी मायदेशी परतल्या व अशा स्मारकांची आस्था बाळगणारे विरळ झाले; दमट हवेने अक्षरे झिजतात, ध्वज विरतात. सत्तेविरुद्ध उठलेल्या सैनिकांना या भिंतींवर स्थान नव्हते. औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे १८५७ मध्ये देहदंड झालेल्यांची स्मृती क्रांती चौकातील काळ्या चबुतऱ्याशी निगडित आहे. झिजलेली नावे नोंदींवरून पुन्हा कोरता येतात. न नोंदलेली कायमची लोपतात.