तूप खवट कशाने होतं?

तूप फ्रिजबाहेर राहिलं की खराब होतं, असा समज आता घरोघरी दिसतो. लोण्याबाबत तो बरोबर आहे. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं आणि त्या पाण्यात जंतू वाढतात. तूप नीट कढलं की ते पाणी उडून जातं, जेमतेम अर्धा टक्का उरतं. जंतूंना तिथे थाराच मिळत नाही.

तूप बिघडतं ते मुख्यतः ऑक्सिडीकरणाने (स्निग्धांशाचा हवेतल्या ऑक्सिजनशी होणारा संयोग). विळीवरच्या गंजासारखंच हे: एका जागी धरला की पसरत जातो. म्हणूनच जुन्या बरणीच्या तळाशी उरलेल्या तुपावर ताजं तूप ओतू नये. त्या थोड्याशा तुपाचा खवटपणा सगळ्या बरणीला लागतो. तळणीतून उरलेलं तूपही वेगळंच ठेवावं.

उजेड आणि तांबं या दोन्हींमुळे ही क्रिया वेगाने होते. तेव्हा स्टीलचा डबा किंवा चिनी मातीची बरणी उत्तम. कल्हई उडालेलं पितळेचं भांडं मात्र नको, पितळेतही तांबं असतंच. बेरी गाळून काढावी आणि चमचा कोरडा असावा. माझ्या मते तुपाचं सर्वांत जास्त नुकसान ओल्या चमच्याने होतं, कारण कढवून घालवलेलं पाणी त्यानेच परत आत जातं.

रोजची बरणी बाहेर ठेवायला हरकत नाही. बरेच महिने पुरवायचा साठा असेल तर फ्रिज उपयोगी पडतो, कारण थंडाव्यात ऑक्सिडीकरण मंदावतं. थंडीत तूप थिजून रवाळ झालं, तर तो बिघाड नव्हे. खवटपणा वासावरून कळतो.