टायरच्या कडेवर काय लिहिले आहे?

सभासद बंधूंनो, काट्यावर उसाच्या वजनात पाच-दहा किलोचा फरक दिसला तर आपण चिठ्ठी दोनदा तपासतो. पण ज्या टायरवर बायकापोरांना बसवून घाट उतरतो, त्याच्या कडेवरचे आकडे आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहेत? आम्हीही वाचले नव्हते.

आमचा भाचा मुलुंडला राहतो. त्याने जुनी स्विफ्ट घेतली आणि यात्रेला सगळ्यांनी त्याच गाडीतून गावी यायचे ठरले. पुढचे दोन टायर गुळगुळीत झालेले, म्हणून आदल्या दिवशी त्याने स्वस्तात नवे बसवून घेतले. सकाळी पाहतो तर गाडी पुढून इंचभर खाली झुकलेली.

"मामा, नवीन आहेत, बसतील हळूहळू," भाचा म्हणाला.

अहो, टायर म्हणजे काय चपला आहेत?

वाटेत भांडूपला एका जुन्या टायरवाल्याकडे गाडी थांबवली. हा टायरचाच मुलूख. सिएट कंपनी १९५८ साली भारतात आली, तिचा कारखाना इथेच भांडूपला उभा राहिला. पलीकडे कुर्ल्याला वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स. रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखाने काढणारे तेच वालचंदशेठ, हे आपल्या मंडळींना सांगायला नको. त्यांच्या कंपनीच्या पद्मिनी टॅक्सीचा टायर ५.२०-१४, म्हणजे रुंदी ५.२० इंच आणि १४ इंची रिम. सरळ हिशेब. ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण आपल्या जीपचा ६.००-१६ अजून याच भाषेत बोलतो.

नव्या गाड्यांची भाषा निराळी. टायरवाल्याने बॅटरी मारली. मागच्या टायरवर होते १६५/८० आर १४ ८५ टी. पुढच्यावर १६५/६५ आर १४ ७९ टी.

"रिम १४, रुंदी १६५, म्हणून त्यानं बसवून दिला," टायरवाला म्हणाला. "मधला आकडा कुणी बघितलाच नाही."

मधला आकडा म्हणजे टायरच्या कडेची उंची, रुंदीच्या शेकड्यात. १६५ मिलिमीटरचे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. ६५ टक्के म्हणजे १०७. तेवढी गाडी खाली आली. चाकाचा घेरही आठ टक्के घटला. त्यामुळे मीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी पंचावन्ननेच पळते.

पण आमच्या पोटात गोळा आला तो पुढच्या आकड्याने. ८५ हा किलो नव्हे, कोष्टकातला क्रमांक आहे. त्याचा अर्थ ५१५ किलो. ७९ चा ४३७. दर टायरमागे ७८ किलो कमी, आणि गाडीत आम्ही पाच माणसे, डिकीत भांडी, वर एक पोते तांदूळ! शेवटचा टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरची मर्यादा. आर म्हणजे रेडियल. एकाच आसावर एक रेडियल आणि एक साधा असा जोड कधी लावू नये.

भाच्याला अलॉयची हौस. त्यावर टायरवाल्याने सांगितले, की याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतो. गणित करून पाहा. पूर्ण चाकाच्या व्यासात दोन मिलिमीटरचाच फरक पडतो. पण त्याला रिम १५ इंचीच हवी, आणि ती साधारण पाच ते साडेसहा इंच रुंद. नटांची भोकेही जुळली पाहिजेत. चार भोके १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतील तर ११४.३ वाली रिम बसत नाही. ठोकून बसवणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहावे. कंपनीने ठरवलेला आकार ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पुस्तिकेत छापलेला असतो, तो आधी पाहावा.

टायर नवा की पडून राहिलेला, तेही कडेवरच कळते. चार आकड्यांत २३२४ असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला.

पहिल्या दुकानदाराने ते दोन टायर परत घेतले, पण वापरलेले म्हणून पैसे कापले. आता त्याला बोलायला तोंड कुठे होते? पावतीवर आकार १६५/६५ असाच होता, भाच्याने न वाचता सही केलेली. योग्य जोडी चढवून निघेपर्यंत दुपारचे दोन वाजले. पालखी काही आम्हांला गाठता आली नाही.