‘गाडी शोधू का?’ : गुगल ट्रान्सलेटचं एक क्रियापद चुकलं आणि कोर्टाने ड्रग्जचा पुरावाच बाद केला

सप्टेंबर २०१७. अमेरिकेतलं कॅन्सस राज्य. हायवे पेट्रोलच्या एका अधिकाऱ्याने एक गाडी अडवली. कारण साधंच, गाडीचं रजिस्ट्रेशन निलंबित होतं. पण चालक स्पॅनिश बोलणारा, इंग्रजी जेमतेम येणारा. अधिकाऱ्याला स्पॅनिश येत नव्हतं. मग त्याने गुगल ट्रान्सलेट उघडलं आणि त्यावरून दोघांचा संवाद सुरू झाला.

काही वेळाने अधिकाऱ्याने विचारलं, ‘कॅन आय सर्च द कार?’ गुगलने त्याचं स्पॅनिश केलं, ‘पुएदो बुस्कार एल आउतो?’ चालकाच्या उत्तरावरून तो ‘हो’ म्हणतोय असं अधिकाऱ्याला वाटलं. झडती झाली आणि गाडीत १४ पौंड, म्हणजे सहा किलोंहून जास्त कोकेन आणि मेथॅम्फेटामाइन सापडलं.

इतका माल हाती लागल्यावर केस पक्की, असंच कुणालाही वाटेल. पण तसं झालं नाही.

गडबड होती ‘सर्च’ या क्रियापदात. मराठीत आपण हरवलेली किल्ली ‘शोधतो’, पण पोलीस घराची ‘झडती घेतात’. दोन वेगळ्या कामांना दोन वेगळे शब्द. इंग्रजी मात्र दोन्हीकडे ‘सर्च’च वापरते आणि फरक दाखवते एका छोट्याशा ‘फॉर’ने. ‘सर्च फॉर द कार’ म्हणजे गाडी शोधणं, ‘सर्च द कार’ म्हणजे गाडीची झडती घेणं.

स्पॅनिश इथे मराठीसारखी वागते. ‘बुस्कार’ म्हणजे शोधणं. यात ‘फॉर’चा अर्थ आधीच आलेला असतो. वेबसाइटवर सर्चचं बटण असतं तिथे स्पॅनिशमध्ये ‘बुस्कार’ हेच लिहिलेलं दिसतं. झडतीसाठी मात्र ‘रेजिस्त्रार’ हा शब्द आहे, लॅटिन अमेरिकेत ‘रेविसार’, म्हणजे तपासणं, हेही चालतं. निदान ‘बुस्कार एन एल आउतो’, म्हणजे ‘गाडीत शोधू का’, असं आलं असतं तरी अर्थाचा अंदाज लागला असता.

थोडक्यात, चालकाला विचारलं गेलं होतं, ‘मी गाडी शोधू का?’ आणि गाडी तर समोरच उभी होती!

आता हा नुसता व्याकरणाचा मुद्दा का राहिला नाही? अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती लोकांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देते. वॉरंट नसेल आणि झडती संमतीच्या आधारावर घ्यायची असेल, तर ती संमती खरी असावी लागते. प्रश्नच समजला नसेल, तर ‘हो’ला अर्थ काय? व्यावसायिक दुभाष्यांनी कोर्टात त्या स्पॅनिश वाक्याचा शब्दशः अर्थ उलगडून सांगितला. अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे ॲपवर भरवसा ठेवला होता, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. जून २०१८ मध्ये कॅन्ससच्या फेडरल कोर्टाने ते फेटाळलं आणि सापडलेला माल पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असा निर्णय दिला.

अधिकाऱ्याने मुद्दाम फसवलं, असं इथे काहीच नव्हतं. अडचण अशी की ज्याला समोरची भाषा येत नाही, त्याला ॲपची चूक पकडताही येत नाही. स्क्रीनवरचं वाक्य व्याकरणाने बरोबर होतं, फक्त ते भलतंच काहीतरी विचारत होतं.

आणि यातली आणखी एक गंमत. समजा गुगलने बरोबर शब्द, म्हणजे ‘रेजिस्त्रार’ दिला असता. त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे नोंदणी करणं. गाडी अडवली होती ती रजिस्ट्रेशनच्याच कारणावरून. तेव्हा ‘गाडीची नोंदणी करू का?’ असं समजून चालकाने आनंदाने मान डोलावली असती, हेही अशक्य नव्हतं.