हाताला कळतं, म्हणजे कुठे?

सराईत हात पोळी लाटत असताना कधी टक लावून पाहिलंय? लाटण्याचा दाब एका बाजूला किंचित जास्त पडतो आणि पोळी पोळपाटावर आपली आपण फिरत राहते. दाब नेमका किती द्यायचा, असं विचारलंत तर उत्तर येतं, "अहो, हाताला कळतं ते!"

पण हाताला कळतं, म्हणजे नक्की कुठे कळतं? याचा धागा हाती लागला तो स्मृती हरवलेल्या एका माणसामुळे.

हेन्री मोलेसन हा अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा तरुण. फिट्सनी त्याला हैराण केलं होतं. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या सर्जननं त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा आणि आसपासचा काही भाग दोन्ही बाजूंनी काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण टिकेनाशी झाली. ब्रेंडा मिल्नर ही मानसशास्त्रज्ञ त्याला वर्षानुवर्षं भेटत राहिली; त्याच्या लेखी प्रत्येक भेट पहिलीच!

तिनं त्याला एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेषेची चांदणी, आणि त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. अट एकच: हात झाकलेला, बघायचं फक्त आरशात. घरी करून बघाच. पेन्सिल पुढे न्यावी तर मागे येते आणि चांदणीच्या टोकाशी तर हात अडूनच बसतो. हेन्रीचंही सुरुवातीला तसंच झालं. मग चुका घटल्या. दुसऱ्या दिवशी तो जवळपास आदल्या दिवशी थांबला तिथूनच पुढे निघाला, आणि तिसऱ्या दिवशी रेघ सफाईदार!

आणि हेन्री? असं काही आपण पूर्वी केलंय, हेच त्याला आठवत नव्हतं. काम इतकं सहज जमलं, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

केवढी अद्भुत गोष्ट आहे ही! काय घडलं हे लक्षात ठेवणारी यंत्रणा वेगळी आणि कसं करायचं हे शिकणारी वेगळी. ही दुसरी मेंदूत खोलवरचे पेशीपुंज आणि मागचा लहान मेंदू यांच्या भरवशावर चालते. चुकीगणिक ही यंत्रणा हालचाल जराशी सुधारते, आणि तुम्हाला पत्ताही लागू देत नाही. पेटी शिकताना, गाडीचा क्लच सोडताना "आज काहीच जमलं नाही" असं वाटतं ना? मला तरी ती साक्ष अपुरी वाटते. ज्या यंत्रणेनं शिकायचं काम केलं, तिला बोलताच येत नाही.

ऑफिसात भराभर टाइप करणाऱ्यांसमोर कोरा कीबोर्ड ठेवून अक्षरं भरायला सांगितली, तर त्यातली बरीच त्यांना सांगता येत नाहीत. आता तुम्हीच सांगा, इंग्रजी कीबोर्डवर 'एम'च्या डावीकडे कोणतं अक्षर?

आठवलं असेल, तर उत्तर आधी सुचलं की बोट आधी हललं?